पथ्यावर पडतं ते पथ्य

आखाजीला शिरपूरकडच्या मामांच्या गावी गेलं की बेत विचारावा लागत नाही. खापरावरचे मांडे, आमरस, रशी, कुरडया. मामी पुरणाचा गोळा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत रुमालाएवढा पसरवते आणि उपड्या खापरावर अलगद सोडते. चार वर्षांपूर्वीच्या आखाजीला मामांच्या ताटात मात्र यातलं काहीच नव्हतं. ज्वारीची दीड भाकरी, दुधीची फिकी भाजी आणि काकडीच्या चार चकत्या. मी काही विचारायच्या आत तेच म्हणाले, "माले पथ्य शे."

जेवणं झाल्यावर ते परसात जाऊन आले, तेव्हा त्यांच्या एका पायात चप्पल नव्हती. नातीनं विचारलं, "आबा, चप्पल कुठे सोडली?" मामांनी खाली पाहिलं, तेव्हा कुठे त्यांना कळलं. चप्पल वाटेत निघून पडली होती आणि ते उन्हात तापलेल्या मातीवरून वीस-पंचवीस पावलं अनवाणी चालत आले होते.

तळपायांना मुंग्या, रात्री आग आणि चालताना कापसावर पाय पडल्यासारखं वाटणं हे दोनेक वर्षं चाललं होतं. "जन्मभर कापूस वेचला, आता पायाखाली आला," असं म्हणून मामा हसण्यावारी न्यायचे. मधुमेहाला नऊ वर्षं झालेली, त्यामुळे हे शुगरचंच, यावर घरात, गावात आणि नेहमीच्या दवाखान्यातही एकमत होतं. तिथे गोळीचा डोस वाढला, घरी पथ्य आणखी कडक झालं. शेवटी धुळ्याच्या एका डॉक्टरांनी बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी करायला सांगितली. रक्तात ते एक मिलिलिटरला निदान दोनशे पिकोग्रॅम असावं लागतं. मामांचं दीडशेच्याही खाली होतं. पायांचं दुखणं काही अंशी साखरेचं होतं, पण काही अंशी ते पथ्याचंही होतं.

वर्ज्य पदार्थांचा कागद

मामांच्या देवघराशेजारच्या भिंतीवर एक छापील कागद चिकटवलेला होता. वर्ज्य : साखर, गूळ, मध, आंबा, केळी, चिकू, द्राक्षं, बटाटा, साबुदाणा, मैदा, तळलेले पदार्थ. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात काय किंवा तापीकाठच्या शिरपुरात काय, केळं वर्ज्य करून राहणं म्हणजे मोठीच तपश्चर्या. पण खरी भर पुढे पडली. युरिक ॲसिड थोडं वाढलं, तेव्हा कुणीतरी डाळी बंद करायला सांगितलं. कोलेस्टेरॉलचा आकडा आला, तेव्हा दूध-दही कमी झालं. दुधाच्या चहाऐवजी कोरा चहा आला. दही रात्री बाधतं म्हणून रात्रीचं गेलं, आणि सकाळी आठवण राहिली नाही म्हणून सकाळचंही गेलं. मामांच्या गळ्यात माळ, त्यामुळे अंडी-मटणाचा प्रश्नच नव्हता. एकेक सल्ला सुटा पाहिला तर फार वावगा नव्हता. सगळे मिळून ताटात काय उरलं, हे मात्र कुणीच पाहिलं नव्हतं.

'पथ्य' या शब्दाचं आपण काय करून ठेवलं आहे, ते इथे दिसतं. पथ म्हणजे वाट. शरीराच्या वाटेला धरून असलेलं, त्याला मानवणारं, हितकर, ते पथ्य. संस्कृतात हिरड्याचं एक नाव 'पथ्या' आहे. म्हणजे पथ्य ही मुळात खायची वस्तू होती. टाळायचं ते अपथ्य. रोजच्या बोलण्यात मात्र उलटापालट झाली. 'मला पथ्य आहे' याचा अर्थ 'मला हे चालत नाही' असा झाला. जुना अर्थ एका वाक्प्रचारात तेवढा जिवंत राहिला. एखादी गोष्ट आपल्या फायद्याची ठरली, तर ती आपल्या 'पथ्यावर पडली' असं आपण अजूनही म्हणतो. भिंतीवरच्या कागदावर अपथ्याची यादी होती, पथ्याची नव्हती.

ज्वारीचे दोन दाणे

बी-१२ची गरज किती असावी? मोठ्या माणसाला दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले, तर त्यातले दोन-अडीच. सत्तर वर्षांच्या आयुष्याचा हिशेब मांडला, तर सगळं मिळून साठ-पासष्ट मिलिग्रॅम होतं. ज्वारीचा एक दाणा साधारण तीस मिलिग्रॅमचा. म्हणजे जन्मभराची गरज ज्वारीच्या दोन दाण्यांच्या वजनाएवढी!

पण ते प्रत्यक्ष ज्वारीत शोधाल तर सापडणार नाही. गहू, बाजरी, डाळी, भाज्या, फळं यांत बी-१२ नसतं. वनस्पती ते बनवत नाहीत, कारण त्यांना ते लागतच नाही. सृष्टीत हे जीवनसत्त्व बनवतात ते फक्त काही सूक्ष्मजीव. गाय-म्हैस चारा खाते, त्या चाऱ्यातलं कोबाल्ट तिच्या पोटातले जिवाणू वापरतात आणि बी-१२ तयार करतात. तिथून ते दुधात आणि मांसात येतं. माणसाच्या मोठ्या आतड्यातही असे जिवाणू असतात, पण ते जिथे बनवतात ती जागा शोषणाच्या जागेच्या पुढे आहे. पाणी शेत ओलांडून गेल्यावर पाट फोडावा, तसंच ते.

कळण्याची भाकरी आणि भरीत हे आपलं हिवाळ्यातलं अभिमानाचं ताट. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. ज्वारी आणि सालासकटच्या उडदाचा कळणा, पऱ्हाट्यांवर भाजून लाकडी बडगीत ठेचलेलं वांगं, हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. तंतू, प्रथिनं, फोलेट, लोह, सगळं त्यात आहे. बी-१२ मात्र शून्य. ते बाजूच्या दह्याच्या वाटीत आहे, आणि पथ्याच्या नावाखाली आधी उचलली जाते ती नेमकी तीच वाटी.

दुधाबाबत आणखी एक गंमत आहे. बी-१२ पाण्यात विरघळणारं आहे, स्निग्धांशात नाही. त्यामुळे दही घुसळलं की ते लोण्याबरोबर वर न येता ताकात राहतं. तूप कितीही शुद्ध असो, त्यात ते नसतं. याउलट साय काढलेल्या दुधात ते जवळजवळ तेवढंच असतं. कोलेस्टेरॉलच्या भीतीनं दूधच सोडणाऱ्याला नुसती साय काढूनही भागलं असतं. मात्र पेलाभर दुधातून दिवसाच्या गरजेचा एक तृतीयांश ते निम्मा भागच मिळतो, आणि चहातल्या दोन चमचे दुधाला तर काहीच अर्थ नाही. आंबवलेल्या बिबड्यांतून किंवा स्पिरुलिनाच्या गोळ्यांतून ते मिळेल, या भरवशावर राहू नये. स्पिरुलिनात बी-१२सारखा दिसणारा जो पदार्थ असतो, तो बहुतांशी माणसाच्या उपयोगाचा नसतो.

पोटातला प्रवास

बी-१२ तोंडात गेलं म्हणजे अंगी लागलं, असं नाही. अन्नातल्या प्रथिनांना ते चिकटलेलं असतं. जठरातलं आम्ल ते सोडवतं. जठराच्या भिंतीतून एक खास प्रथिन पाझरतं, ते पुढे त्याला धरतं आणि लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकापर्यंत नेऊन पोचवतं. तिथली दारं फक्त या जोडीलाच आत घेतात. या दारांची क्षमताही ठरलेली असते. एका वेळच्या जेवणातून फार तर दीड-दोन मायक्रोग्रॅम आत जातं, उरलेलं बहुतेक वाया. त्यामुळे रविवारी भरपूर मटण खाऊन आठवड्याची भरपाई होत नाही. रोज थोडं थोडंच लागतं.

या प्रवासात मधुमेहाच्या माणसाच्या वाटेत दोन अडथळे येतात. पहिला मेटफॉर्मिनचा. ही टाइप-२ मधुमेहाची सर्वांत जास्त दिली जाणारी गोळी. १९५७ मध्ये पॅरिसच्या झाँ स्टर्न यांनी ती मधुमेहींवर वापरल्याचं प्रसिद्ध केलं, आणि स्वस्त, सुरक्षित, वजन न वाढवणारी म्हणून ती आजही पहिल्या पसंतीची आहे. पण १९७१ मध्येच बेलफास्टच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं होतं, की ती दीर्घकाळ घेणाऱ्यांपैकी दर दहांतल्या सुमारे तिघांमध्ये बी-१२चं शोषण घटलेलं असतं. आतड्याच्या शेवटच्या दाराची कडी कॅल्शियमच्या मदतीनं उघडते आणि मेटफॉर्मिन नेमकं तिथेच आड येतं, असं मानलं जातं. डोस जितका जास्त आणि वर्षं जितकी जास्त, तितका धोका वाढतो. हे इतकं पक्कं झालं आहे, की २०२२ मध्ये ब्रिटनच्या औषध नियामकानं डॉक्टरांना त्याची नव्यानं आठवण करून दिली.

दुसरा अडथळा ॲसिडिटीच्या गोळीचा. आम्लच दाबलं, तर अन्नातून बी-१२ सुटणार कसं? सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी, जेवणासोबत मेटफॉर्मिन आणि ताटात दूध-दही नाही, हे त्रिकूट आपल्याकडे घरोघरी सापडेल.

मग माणूस लगेच आजारी का पडत नाही? कारण यकृत काटकसरी आहे. ते दोन ते पाच मिलिग्रॅम साठवून ठेवतं, आणि तेवढ्यावर काही वर्षं निघून जातात. कणगी भरलेली असली की घरात धान्य येणं थांबल्याचं कळत नाही, तसं. मात्र जो जन्मापासून शाकाहारी आहे, त्याची कणगी आधीच अर्धी असते. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४४१ निरोगी मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं होतं. खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले. २००६ मध्ये आलेल्या त्या अहवालानुसार ६७ टक्के जणांचं बी-१२ कमी होतं आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. ही सगळी निरोगी माणसं होती, कुठलंही पथ्य नसलेली. आता त्यांच्यावर पथ्याचा आणि गोळीचा भार टाकून पाहा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात मधुमेही सुमारे १० कोटी आहेत.

सोंग दुसऱ्याचं

बी-१२ नसेल तर दोन ठिकाणी नासधूस होते. एक रक्तात. तांबड्या पेशी नीट पिकत नाहीत, मोठ्या आणि कमी राहतात. दुसरी मज्जातंतूंत. विजेच्या तारेवर जसं प्लॅस्टिकचं आवरण असतं, तसं नसांवर स्निग्ध आवरण असतं. ते झिजू लागतं. सर्वांत लांबच्या नसा पायांच्या, म्हणून सुरुवात पायांपासून. मुंग्या, आग, बधिरपणा, तोल जाणं. डोळे उघडे असतात तोवर माणूस नजरेनं तोल सावरतो. मोरीवर तोंड धुताना डोळे मिटले की तो डगमगतो. डॉक्टर पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायला सांगतात किंवा थरथरणारा चिमटा घोट्याच्या हाडावर टेकवून 'कळतंय का?' विचारतात, ते याचसाठी.

अडचण अशी, की मधुमेहही पायांच्या नसांना अगदी असाच त्रास देतो. दोघांची लक्षणं सारखी, आणि रोगी मधुमेही म्हणून आधीच नोंदलेला. त्यामुळे आळ साखरेवर जातो आणि खरा चोर सुटतो. त्यात आणखी एक चकवा. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी ही चाचणी तांबड्या पेशींवर बसलेली साखर मोजते. बी-१२च्या कमतरतेत नव्या पेशी कमी तयार होतात, जुन्या जास्त उरतात आणि त्यांच्यावर साखरेला चढायला वेळ मिळालेला असतो. म्हणून हा आकडा कधी कधी असतो त्याहून थोडा जास्त दिसतो. मग साखर वाढली म्हणून गोळी वाढवायची, आणि गोळी वाढली की बी-१२ आणखी घटायचं!

आणखी एक चकवा आहे तो फोलेट या दुसऱ्या जीवनसत्त्वाचा. तो समजायला मात्र मुंबईच्या परळला जायला हवं. १९२८ मध्ये लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणगावातल्या गरीब गरोदर बायकांना एक विचित्र पंडुरोग होत असे. त्यात तांबड्या पेशी मोठ्या दिसत. हाफकिन संस्थेत विल्सनं उंदरांवर आणि मग रुग्णांवर प्रयोग केले, आणि मार्माइट या यीस्टच्या स्वस्त अर्कानं त्या बायका बऱ्या होतात हे १९३१ मध्ये जगापुढे मांडलं. त्या अर्कातला अज्ञात घटक म्हणजे फोलेट. बी-१२ सापडायला आणखी सतरा वर्षं लागली. १९४८ मध्ये त्याचे लाल स्फटिक हाती आले. तांबड्या पेशी पिकायला दोन्ही लागतात, पण नसांना बी-१२च लागतं. म्हणून बी-१२ कमी असताना नुसत्या फोलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या, तर रक्त सुधारतं, हिमोग्लोबिन चांगलं येतं आणि नसा मात्र आतल्या आत झिजत राहतात. 'रक्त तर चांगलं आहे' हे वाक्य अशा वेळी घातक ठरतं.

जिथे पथ्य पूर्ण सांगितलं जातं

पथ्य आणि जीवनसत्त्व यांचं नातं सर्वांत स्पष्ट दिसतं ते एका दुर्मीळ जन्मजात आजारात. फिनाइलकीटोन्यूरिया असं त्याचं नाव, बोलीत पीकेयू. या मुलांच्या शरीराला प्रथिनांतला फिनाइलॲलनीन हा एक घटक पचवता येत नाही. तो साठत जातो आणि मेंदूची वाढ खुंटवतो. नॉर्वेच्या आस्ब्यर्न फॉलिंग यांनी १९३४ मध्ये हा आजार ओळखला, आणि १९५३ मध्ये बर्मिंगहॅमला होर्स्ट बिकेल यांनी त्यावर पहिलं पथ्य दाखवलं. दूध, अंडी, मांस, मासे, डाळी वर्ज्य. पण या पथ्याला पहिल्यापासून जोड आहे ती एका खास भुकटीची. तिच्यात तो एक घटक सोडून बाकीची प्रथिनं असतात, आणि पुढे तिच्यात जीवनसत्त्वंही घालू लागले. जे काढलं ते भरून देणं हा तिथे उपचाराचाच भाग आहे.

तरीही चूक झालीच. ही मुलं मोठी झाली, बेचव भुकटीला कंटाळली आणि त्यांनी तिला सुट्टी दिली. मांस-दुधाची सवय मात्र लहानपणी लागलीच नव्हती, त्यामुळे ते पदार्थही ताटात आले नाहीत. १९९० च्या दशकात टोरांटोच्या डॉक्टरांना अशा तरुणांमध्ये बी-१२ कमी झालेलं आढळलं. वर्ज्य ते वर्ज्यच राहिलं, जोड तेवढी सुटली. मामांची गोष्ट यापेक्षा वेगळी नाही. फरक इतकाच, की मामांना जोड कुणी सांगितलीच नव्हती.

हेच इतर पथ्यांनाही लागू आहे. मूत्रपिंडाच्या रोग्याला पोटॅशियम कमी करायला भाजी उकळून पाणी फेकायला सांगतात, तेव्हा त्या पाण्याबरोबर फोलेट आणि क जीवनसत्त्वही जातं. युरिक ॲसिडसाठी डाळ पूर्ण तोडली, तर शाकाहारी माणसाची प्रथिनं तुटतात. शिवाय, डाळींमुळे गाउट वाढतो याला मोठ्या पाहण्यांत फारसा आधार मिळालेला नाही. धोका पथ्यात नसून त्याच्या अर्धवटपणात आहे.

कागदाची मागची बाजू

करायचं काय, ते अवघड नाही. मेटफॉर्मिन चार-पाच वर्षांहून जास्त चालू असेल, माणूस शाकाहारी असेल किंवा पायांना मुंग्या येत असतील, तर बी-१२ तपासून घ्यावं आणि पुढेही अधूनमधून तपासत राहावं. आकडा दोनशे-तीनशेच्या मध्ये रेंगाळत असेल, तर डॉक्टर होमोसिस्टीनसारखी दुसरी चाचणी सुचवतात. कमतरता असेल तर गोळी किंवा ते लाल इंजेक्शन. लाल रंग त्यातल्या कोबाल्टच्या संयुगाचा. गावात 'ताकदीची लाल सुई' म्हणून ते कुणालाही टोचलं जातं. ज्याला खरोखर हवं, तो मात्र अनेकदा मधुमेहाच्या रांगेत बसलेला असतो. मोठ्या डोसची गोळीही चालते, कारण एक टक्काभर बी-१२ त्या नेहमीच्या दाराशिवायही झिरपून आत जातं. आणि एक निक्षून सांगायला हवं : हे वाचून मेटफॉर्मिन बंद करू नये. ती गोळी उपयोगाची आहे. तिच्यासोबत काय जायला हवं, एवढंच विचारायचं आहे.

ताटातली दुरुस्तीही साधी आहे. साखरेविना, साय काढलेलं दूध, जेवणात घट्ट दही किंवा फार पाणी न घातलेलं ताक, आणि ज्यांना चालतं त्यांना एखादं अंडं किंवा मासा. साक्री-नवापूरकडे ओढ्यातले छोटे मासे खाणाऱ्या कुटुंबांना तर वेगळं काही शोधायलाच नको.

मामांना इंजेक्शनं सुरू झाली. आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. तीन महिन्यांत रात्रीची आग शमली, तोल सुधारला. अंगठ्याचा बधिरपणा मात्र अजून आहे. झिजलेली नस उशीर झाल्यावर पूर्ण भरून येत नाही, आणि साखरेचा वाटा होता तो होताच. आता झोपण्यापूर्वी ते कंदिलाच्या काळापासून घरात असलेल्या आरशात दोन्ही तळपाय नीट पाहतात. चप्पलही पट्ट्याची घेतली आहे.

यंदाच्या आखाजीला गेलो तेव्हा भिंतीवरचा कागद तिथेच होता, पण उलटा चिकटवलेला. मागच्या कोऱ्या बाजूवर नातीच्या अक्षरात चार ओळी होत्या : सकाळी दूध पेलाभर, दुपारी दही वाटीभर, रोज एक वेळ डाळ, महिन्याच्या पहिल्या सोमवारी सुई. मामींनी मांडा वाढायला हात पुढे केला, तेव्हा मामांनी चौथा हिस्सा तोडून घेतला आणि बाकीचा परत दिला. मग स्वतःच उठून उतरंडीपाशी गेले आणि ताकाचं भांडं सगळ्यांसमोर घेऊन आले. ताकाला जाऊन भांडं लपवणारा हा माणूस नव्हेच. पेला भरून माझ्यापुढे धरला आणि पुन्हा तेच तीन शब्द म्हणाले, "माले पथ्य शे."